पाय शेकायचा टब : सात महिने, दोन ऋतू आणि नसलेली नळी

टबाचा हीटर नेमका कधी बंद पडला हे मला सांगता आले नाही, आणि त्यावरच माझी वॉरंटी गेली. टब १० डिसेंबरला घेतला होता, वॉरंटी सहा महिन्यांची होती आणि मी तक्रार केली १९ जूनला. एप्रिलच्या मध्यापासून मी हीटरचे बटण दाबलेच नव्हते, कारण नागपुरात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून संध्याकाळीसुद्धा जे पाणी येते ते गरम करण्याची गरजच नसते. पहिला पाऊस पडून टाकी थंडावली तेव्हा बटण दाबले आणि पाणी होते तसेच राहिले. सेवा केंद्रातल्या गृहस्थांनी आधी नऊ दिवस उलटल्याचे सांगितले, मग क्षारांचे कारण काढले आणि शेवटी "उन्हाळ्यात तपासून घ्यायचे होते" असा सल्ला दिला. मे महिन्यात पाणी गरम करून पाहण्याची बुद्धी मला व्हायला हवी होती, हे मी मान्य करतो.

आता मूळ विषय. नोव्हेंबरमध्ये बॅडमिंटन खेळताना माझा उजवा घोटा मुरगळला. पहिले काही दिवस फक्त गार शेक आणि विश्रांती झाली. सूज उतरू लागल्यावर फिजिओथेरपिस्टनी गरम-गार पाण्याचा आळीपाळीचा शेक सुरू करायला सांगितले. तीन मिनिटे ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात, एक मिनिट १५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात, अशा पाच फेऱ्या आणि शेवट गार पाण्याने. वीस मिनिटांचे काम. दोन बादल्या आणि एक थर्मामीटर पुरेल असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते, तरीही मी साडेचार हजारांचा टब घेतला, कारण अर्ध्यातच पाणी निवते आणि पुन्हा पातेले आणायला लंगडत उठावे लागते.

डिसेंबर-जानेवारीत टबाने हे काम चोख केले. वीस अंशांच्या आसपासचे दहा लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला पाव युनिटाहूनही कमी वीज लागते, तेव्हा खर्चाबद्दल तक्रार नाही. तक्रार निराळी आहे आणि ती मी पहिल्या दिवसापासून करत आलो आहे : या टबाला पाणी सोडायची नळी नाही. तळाशी बूच नाही, तोटी नाही, काहीही नाही. दुखऱ्या पायाच्या माणसासाठी बनवलेल्या वस्तूने त्या माणसाकडून दहा लिटर पाण्यासह बारा-तेरा किलोंचे धूड ओल्या फरशीवरून न्हाणीघरापर्यंत उचलून न्यायची अपेक्षा ठेवावी, हे ज्याला सुचले त्याचा घोटा कधी मुरगळला नसावा. पहिल्या आठवड्यात मी दोनदा घसरता घसरता वाचलो. नंतर मगाने उपसून पाहिले. शेवटचे दोन लिटर मगात येत नाहीत. अखेर माळ्यावरून कूलरचा पंप काढला, त्याची नळी बाल्कनीतल्या कुंड्यांपर्यंत ओढली आणि काही मिनिटांत टब रिकामा झाला. उन्हाळ्यात हेच पाणी कूलरमध्ये सोडावे असा माझा प्रस्ताव होता. "अहो, पाय बुडवलेल्या पाण्याचा वारा घरभर?" एवढेच बोलून बायकोने तो निकालात काढला.

मार्चनंतर गणित उलटले. गरम पाणी फुकट झाले आणि गार पाणी महाग. डिसेंबरात गार बादलीचे दहा लिटर पाणी वीसवरून पंधरा अंशांवर आणायला अर्धा किलो बर्फ पुरत होता. मे महिन्यात नळालाच ३६ अंशांचे पाणी, म्हणजे तेवढ्याच बादलीला सव्वादोन किलो. फ्रिजरमधले साचे त्यापुढे कुठेच पुरत नाहीत. मी स्टीलच्या डब्यांत रात्रभर पाणी गोठवू लागलो, पण मटार आणि नातीचे आइस्क्रीम यांच्याशी जागेवरून भांडण झाले. मग बादलीत नळाऐवजी माठातले पाणी घेऊ लागलो आणि बर्फ जवळपास निम्म्यावर आला. हा शोध माझ्या मते टबापेक्षा मोलाचा आहे.

माझे मतही याच काळात बदलले. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, गाराने आकसतात आणि त्यामुळे स्नायूंत पंपासारखी क्रिया होते, असे मी जानेवारीत भेटेल त्याला सांगत होतो. पुढे १९९४ सालचा एक अभ्यास वाचनात आला. त्यात पोटरीतल्या चरबीच्या थराखाली एक सेंटिमीटरवर स्नायूचे तापमान मोजले होते, आणि वीस मिनिटांच्या आळीपाळीत ते जेमतेम हलले होते. म्हणजे जे काही होते ते बव्हंशी कातडीत आणि जाणिवेत होते. २०१३ साली अठरा चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. व्यायामानंतरच्या अंगदुखीवर हा उपाय नुसते बसून राहण्यापेक्षा बरा, पण नुसते गार पाणी, नुसते गरम पाणी किंवा हलका व्यायाम यांपेक्षा फारसा सरस नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे, आणि त्या चाचण्यांचा दर्जाही बेताचाच होता. हे वाचून मी पंधरा दिवस टब बंद ठेवला. सकाळी पहिली पावले टाकताना घोटा पुन्हा आखडू लागला, म्हणून पुन्हा सुरू केला. एका घोट्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण घोटा माझा आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. आईला मधुमेह आहे आणि तिच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे. "मलाही बुडवू दे रे पाय" असे ती म्हणाली तेव्हा फिजिओथेरपिस्टनी साफ मनाई केली, कारण भाजल्याचे अशा पायाला वेळेवर कळत नाही आणि झालेली जखम लवकर भरत नाही. टबाच्या खोक्यावर हसऱ्या आजीबाईंचे चित्र आहे. ही सूचना मात्र माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात आहे.

हीटर बदलून देण्याचे अठराशे रुपये सांगितले आहेत. ते मी देणार नाही. सध्या गरम पाणी गिझरचे, साध्या बादलीत. गार पाणी माठाचे, या टबात, कारण त्याच्या दुहेरी भिंतीमुळे बर्फ सावकाश वितळतो. तो उपसायला पंप अजून लागतोच, आणि कूलर आवरून ठेवायची वेळ झाल्याने बायको तो परत मागते आहे.