जॅझ दोघांचं की चौघांचं?

नागपुरातल्या एखाद्या प्रयोगशील जॅझ जोडीने, म्हणजे सॅक्सोफोन आणि ड्रम्स, आणखी दोघांना घेऊन अकूस्टिक, म्हणजे विजेच्या वाद्यांशिवायची, चौकडी करावी का? माझं मत चौकडीकडे झुकतं.

जोडीत मोकळीक अफाट. ताल मध्येच मोडायचा असेल तर नजरेने सांगितलं की झालं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि ड्रमर रशीद अली यांनी 1967 साली दोघांतच ध्वनिमुद्रण केलं, आणि ऐकताना तिसऱ्याची उणीव भासत नाही. पण तेवढा दम सगळ्यांकडे नसतो. मग पोकळी भरायला लूप पेडल, म्हणजे वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं पायाने चालवायचं यंत्र, येतं आणि वादक त्याच्यामागे फरफटत जातो. हे मला फार खटकतं.

डबल बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं खर्जातलं मोठं तंतुवाद्य, आला की सुरांना पाया मिळतो. त्याने एकच स्वर धरून ठेवला, तरी सॅक्सोफोनची वाकडी वळणं कानाला पटू लागतात. चौथा पियानोच हवा असं नाही. सॅक्सोफोनवादक जेरी मलिगनच्या 1952 च्या चौकडीत पियानो नव्हता, ट्रम्पेट होतं.

त्रास आहेच. माइकशिवाय वाजवायचं तर ड्रमरने काठ्या ठेवून ब्रश घ्यावेत, नाहीतर बास बुडालाच. शिवाय आपल्याकडचं मे महिन्यातलं कोरडं ऊन लाकडाला सोसत नाही. बास गाडीत ठेवून चहाला जाऊ नये.

देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या जागेत माइक लागणारच. अकूस्टिक चौकडीची खरी गंमत घरगुती बैठकीत. तिथेही मधला एक तुकडा दोघांनीच वाजवावा.