आधी वळायची जागा, मग रस्ता : मोटारहोमचे नऊ महिने

नोव्हेंबरात गाडी दारात आली, आता ऑगस्ट चालू आहे. मीटरवर 7,200 किलोमीटर झालेत. आतला पलंग, फ्रिज, शेगडी यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते सोडते. आमच्या घरात रस्ता ठरवायचं काम माझ्याकडे आहे, आणि गाडी घेताना त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ते लिहिते.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, कॅरव्हॅन म्हणूनच नोंद झालेली. लांबी 7 मीटर, छतावरचा एसी धरून उंची 3 मीटर 10 सेंटीमीटर. हे दोन आकडे स्टिअरिंगशेजारी मोठ्या अक्षरांत चिकटवलेत, कारण घाईत माणूस नेमकं तेच विसरतो. ही गाडी आमचे हे चालवतात. सोबत आमची जुनी छोटी हॅचबॅक असते, ती मी चालवते. मोटारहोम एकदा मुक्कामाला लावली, वीज-पाणी जोडलं, की भाजी आणायला किंवा देवळात जायला ती पुन्हा हलवणं जिवावर येतं. म्हणून दुसरी गाडी.

माझा धाकटा भाऊ टेक्सासात असतो. तो आपली छोटी गाडी मोटारहोमच्या मागे जोडून ओढत नेतो, चारही चाकं रस्त्यावर. आम्हालाही तसंच करायचं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक कारागीर दांडा करून द्यायलाही तयार होता. पण आपल्याकडच्या नियमांत बंद पडलेली गाडी किंवा नोंदणी असलेला ट्रेलरच ओढता येतो, धडधाकट चालणारी गाडी नाही. तेव्हा तो विषय तिथेच संपला आणि दोन गाड्यांना दोन ड्रायव्हर ठरले.

भावाने मात्र तेव्हाच एक गोष्ट सांगितली होती. "ताई, मागे गाडी जोडलेली असली की रिव्हर्स गिअर नाहीच असं समजायचं." ओढल्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाकं मोकळी असतात. मागे ढकललं की ती भलतीकडे वळतात आणि दांड्यावर ताण येतो. म्हणून तो पेट्रोल पंपावर शिरण्याआधीसुद्धा पलीकडून सरळ बाहेर पडता येईल का ते बघतो. अडकलाच तर आधी मागची गाडी सोडवायची, मग पुढची मागे घ्यायची. मला वाटलं, हे त्यांच्याकडचं, आपला काय संबंध?

जानेवारीत देवगडच्या बाजूला एका वाडीत कळलं. फोनवरचा नकाशा समुद्राकडे चांगला रस्ता दाखवत होता आणि डांबरही नवं होतं. पण शे-दोनशे मीटरवर दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे सुरू झाले आणि रस्ता आवळत गेला. पुढे हे, मागे मी. एका वळणावर आंब्याची फांदी एसीला टेकली आणि गाडी थांबली. अंगणातून एक आजोबा बाहेर आले, गाडीकडे वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "खंय चाललास? फुडे रस्तो नाय. ही गाडी हय परतूची नाय." मग आधी मी हॅचबॅक मागे घेतली, एका घराच्या फाटकात घुसवली आणि उतरून यांच्या गाडीच्या मागे उभी राहिले. सहाशे मीटर अंतर, सव्वा तास. डावीकडच्या चिऱ्यावर आमच्या पिवळ्या पट्टीचा रंग लागला तो अजून तिथे असेल. आजोबा शेवटपर्यंत सोबत चालले आणि प्रत्येक झाडाशी हात वर करून फांदी धरून ठेवत होते. त्यांचे उपकार विसरणार नाही.

त्या दिवसापासून मी रस्ता उलटा आखते. मुक्काम ठरला की पहिला प्रश्न, तिथे 7 मीटरची गाडी कुठे वळेल? जागा सापडली तरच पुढचं बघायचं. उपग्रहाच्या चित्रात शाळेचं मैदान, देवळासमोरची मोकळी जागा, पंप, साखर कारखान्याचं आवार हे स्पष्ट दिसतं, आणि अंतर मोजायची सोय वापरली की किती मीटर रिकामी जागा आहे तेही कळतं. झाडाखाली काय आहे ते मात्र वरून दिसत नाही.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे एसटी. लाल बस आपल्या गाडीपेक्षा बरीच लांब असते. ती ज्या गावात जाते आणि तिथूनच परत फिरते, त्या गावात वळायची जागा असलीच पाहिजे. मुक्कामी एसटीचं गाव असेल तर प्रश्नच मिटला. मी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन चौकशी खिडकीत विचारते, "अमुक गावाला मोठी गाडी जाते का?" खिडकीपेक्षा चहाच्या टपरीवर जास्त कळतं. गारगोटीकडच्या एका रस्त्याबद्दल विचारलं तर ड्रायव्हरमामा म्हणाले, "जातीया की, पर पुलाच्या अलीकडं थांबायचं वैनी. पलीकडं मिडी बस बी कशीतरी वळतीया." ही माहिती कुठल्याही ॲपमध्ये मिळाली नसती. मी ती वहीत तारखेसह लिहून ठेवते, कारण रस्ते दर हंगामात बदलतात.

दुसरा बदल म्हणजे माझी गाडी मागून पुढे आली. भावाची छोटी गाडी मागे असते कारण ती बांधलेली असते. आमची मोकळी आहे, मग मागे कशाला? आता मी एक-दोन किलोमीटर पुढे असते. फाटा आला की वळून बघते, कमान किंवा खाली लोंबणारी वायर दिसली की जागा बघून थांबते आणि फोन करते. घाटात रेंज जाते, म्हणून खाली उतरायच्या आधी ठरवून ठेवतो: मी ज्या वळणावर थांबलेय तिथे त्यांनीही थांबायचं. देवगडनंतर एकदाही मोठी गाडी पन्नास मीटरपेक्षा जास्त मागे घ्यावी लागलेली नाही.

कोल्हापूरकरांना घाट निवडायचा प्रश्न कायमचाच. रत्नागिरीला आंबा घाट, कणकवली-देवगडला राधानगरीवरून फोंडा, सावंतवाडीला आजऱ्यावरून आंबोली, हे आमचे ठरलेले. गगनबावड्यातून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट उतरतात. त्यातला करूळ कामासाठी 2024 मध्ये बराच काळ बंद होता, त्यामुळे तिकडे जाताना आदल्या दिवशी कुणाला तरी फोन करून विचारायची सवय लावून घेतली आहे. तिलारी घाटात ही गाडी घालायची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. उतार फार उभा आणि वळणं आखूड. फोंड्यातसुद्धा पहिल्या वेळी यांनी तिसऱ्या गिअरमध्ये उतरायला घेतलं आणि अर्ध्यात ब्रेकचा करपट वास आला. वीस मिनिटं कडेला थांबलो. आता माथ्यावरच दुसरा गिअर पडतो आणि पायथ्यापर्यंत तोच राहतो.

वेळेच्या बाबतीत नकाशावर विसंबू नये. तो साध्या कारचा वेळ सांगतो. मी महामार्गावर त्याचा सव्वापट आणि घाटरस्त्यावर पावणेदोनपट धरते. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांमुळे पुण्याच्या दिशेला त्याहूनही जास्त. अमेरिकेत मोटारहोमवाले दिवसाला फार तर 300 मैल, दुपारी 3 च्या आत पोचायचं आणि तिथे 3 दिवस मुक्काम असा हिशोब धरतात. आमच्या रस्त्यांवर दिवसाला 200 किलोमीटर आणि संध्याकाळी 5 च्या आत मुक्काम, एवढंच जमतं. डिसेंबरात हंपीला गेलो ते बेळगाव, हुबळी, गदग करत दोन दिवसांत. साडेतीनशेच्या आसपास अंतर, एका दिवसात होण्यासारखं, पण पोचल्यावर कुणाचंही अंग दुखत नव्हतं.

हंगामात अंधारानंतर गाडी चालवायचीच नाही, हा नियम उसामुळे झाला. नोव्हेंबर ते मार्च कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, कुठेही जा, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला. संकेश्वरच्या अलीकडे एकदा मला असा ट्रॅक्टर फक्त दहा-पंधरा मीटरवर दिसला. मी छोट्या गाडीत होते म्हणून थांबू शकले. तीन टनांहून जड गाडी त्या अंतरात थांबली नसती.

पावसाळ्यात बेत आखताना मी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघते. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021 ला महामार्गच पाण्याखाली गेलेला आपण बघितलाय. माझी स्वतःची मर्यादा 30 फुटांची आहे. त्यावर पाणी असेल आणि चढत असेल तर पश्चिमेला जायचं नाही, कारण जाताना मोकळा असलेला रस्ता येताना बंद झालेला असतो. जुलैतली दोन दिवसांची गगनबावड्याची सहल यामुळेच रद्द केली. मुलं नाराज झाली, पण पूल बंद झाला की मोटारहोम असो की बैलगाडी, अलीकडेच राहते.

उंचीचा प्रश्न मात्र बरेच दिवस सुटत नव्हता. खालून बघून फांदी तीन मीटरवर आहे की सव्वातीन, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून गेल्या महिन्यात उद्यमनगरातून हॅचबॅकच्या पुढच्या बंपरला एक खोबण करून घेतली. त्यात पातळ लवचिक पीव्हीसी पाइप उभा बसतो, टोक बरोबर 3 मीटर 20 सेंटीमीटरवर. महामार्गावर काढून ठेवायचा, आडरस्त्याला लागलं की लावायचा आणि सावकाश जायचं. परवाच्या रविवारी पावसाने उघडीप दिली तेव्हा राधानगरीच्या बाजूला एका आडवाटेने नेऊन बघितला. तीनदा वाजला. दोनदा वडाच्या पारंब्या, एकदा केबलची वायर. तिन्ही जागा वहीत लिहिल्यात.