उणे ३२ अंशांत ट्रेलर उबदार ठेवताना : सात महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं २६ फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेऊन पिंचर क्रीकजवळच्या एका कॅम्पग्राउंडवर आलो, ते एप्रिल संपताना तिथून हललो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं हे गाव. पश्चिमेला रॉकी पर्वत, आणि वारा असा की कॅनडातलं पहिलं व्यावसायिक पवनऊर्जा केंद्र १९९३मध्ये इथल्याच काउली रिजवर उभं राहिलं. नवरा पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर असतो. गावात हिवाळ्यापुरतं भाड्याचं घर मिळेना, म्हणून हा ट्रेलर. नवरा सकाळी सहाला बाहेर पडायचा. माझं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे मी जवळजवळ चोवीस तास आतच. थंडी कुठल्या फटीतून येते, कुठल्या कोपऱ्यात साठते, ते मला तळपायांनी शिकवलं.

ओळखीतले जे कोणी ट्रेलर घ्यायच्या विचारात आहेत, त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : हीटर कोणता घेतला? आम्ही हीटर बदललाच नाही. ट्रेलरसोबत आलेली ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) प्रोपेन गॅसवरची फर्नेस, म्हणजे गरम हवा सोडणारी भट्टी, शेवटपर्यंत तीच राहिली. पैसा आणि मेहनत गेली ती ट्रेलरच्या खालून जाणारा वारा अडवण्यात, आतली वाफ बाहेर काढण्यात आणि पाण्याच्या वाटा गोठू न देण्यात. या तीन गोष्टी जमेपर्यंतचे दीड-दोन महिने आम्ही गॅस जाळत होतो आणि कुडकुडतही होतो.

आधी ट्रेलरबद्दल. दारावर ‘चारही ऋतूंसाठी’ असं स्टिकर होतं. त्याचा अर्थ एवढाच, की टाक्या आणि नळ्या ज्या पोटात आहेत ते खालून पत्र्याने बंद केलेलं आहे आणि फर्नेसच्या गरम हवेची एक नळी तिथे सोडलेली आहे. भिंती जेमतेम दोन इंचांच्या, काचा एकेरी. पलंगाशेजारच्या भिंतीला पाठ टेकली की स्वेटरमधून गारवा जाणवायचा. घरासारखी जाड भिंत इथे नाही, हे धरूनच चालावं लागतं.

प्रोपेनचं गणित आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरशी ताडून पाहिलं की लगेच कळतं. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आमच्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरच्या दोन सिलिंडरांत प्रत्येकी १३.६ किलो. म्हणजे जवळपास तेवढाच. माहेरी तो दीड महिना पुरायचा. नोव्हेंबरच्या मध्यावर पारा उणे २२ला गेला, तेव्हा आमचा एक सिलिंडर ४० तासांत संपला. फर्नेस अखंड चालली तर तासाला साधारण सहाशे ग्रॅमवर गॅस खाते, आणि त्या दिवसांत ती निम्म्याहून जास्त वेळ चालूच होती.

दुसरी गोष्ट गॅसच्या जातीची. आपल्याकडच्या सिलिंडरात प्रोपेनसोबत ब्युटेन असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. इथे शुद्ध प्रोपेन मिळतं, ते उणे ४२पर्यंत वायू होत राहतं. पण थंडी वाढेल तसा त्याचा दाब उतरतो, आणि सिलिंडर तळाला आला की आणखी कमी पडतो. फर्नेस पेटते, फुरफुरते, विझते. जानेवारीत एका रात्री हे तीनदा झालं. तेव्हापासून कडाक्याच्या रात्री चतुर्थांश उरलेला सिलिंडर बाजूला ठेवायचा आणि भरलेला जोडायचा, असा नियमच केला. उरलेला गॅस वाया जात नाही, तो उबदार दिवशी वापरता येतो.

आता स्कर्टिंगविषयी, म्हणजे ट्रेलरच्या तळापासून जमिनीपर्यंत चारी बाजूंनी लावायचा आडोसा. माझ्या मते एकाच गोष्टीवर पैसे घालायचे झाले तर यावर घाला. ट्रेलर चाकांवर उभा असतो, खालून वारा मोकळा वाहतो, आणि फरशी सगळ्या बाजूंनी उघडी पडते. आम्ही पहिल्यांदा जाड ताडपत्री बांधली आणि तिच्यावर फावड्याने बर्फ लोटला. शेजारच्या प्रांतात राहणाऱ्या एका मित्राने हेच केलं होतं आणि त्याचा हिवाळा छान गेला होता. पण त्याच्याकडे चिनूक नव्हता.

चिनूक म्हणजे रॉकीजवरून उतरणारा कोरडा, उष्ण वारा. पश्चिमेला ढगांची कमान दिसू लागते आणि काही तासांत बर्फाचं पाणी होतं. १९६२च्या जानेवारीत पिंचर क्रीकला एका तासात पारा उणे १९वरून २२वर चढल्याची नोंद आहे. आमच्या नशिबी एवढं टोकाचं आलं नाही, पण नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका चिनूकने रचलेला बर्फ दुपारपर्यंत वितळवला आणि रात्री ताडपत्री कडेच्या रिंगांसकट फाडून नेली. ती पुढे तारेच्या कुंपणाला लटकलेली सापडली. दोन दिवसांनी पुन्हा उणे १५.

मग दोन इंच जाडीचे, दाट फोमचे गुलाबी तक्ते आणले, आठ लागले. लाकडी पट्ट्यांची चौकट करून त्यात तक्ते घट्ट बसवले, सांधे बांधकामाच्या तांबड्या टेपने बंद केले आणि पश्चिमेच्या बाजूला तळाशी वाळूच्या गोण्या रचल्या. चौकट जमिनीला धरून ठेवायला लोखंडी गज ठोकायचे होते, पण तोवर जमीन दगड झाली होती. नवऱ्याने एका गजासाठी अर्धा तास घण मारला, तेव्हा कुठे तो वीतभर आत गेला. तुम्ही करणार असाल तर गज ऑक्टोबरमध्येच ठोकून ठेवा, तक्ते नंतर लावले तरी चालतात. सांडपाण्याच्या व्हॉल्व्हजवळ एक तक्ता निघेल असा ठेवा. सिलिंडर आडोशाच्या बाहेरच राहू द्या. आणि उंदरांसाठी दोन पिंजरे आत ठेवा, कारण वारा नसलेली जागा त्यांनाही आवडते.

फरक मोजता यावा म्हणून मी तापमापकाची तार ट्रेलरखाली सोडली होती. बाहेर उणे २५ असताना खाली अधिक १. गॅसचा सिलिंडर तशाच थंडीत ४० तासांऐवजी तीन दिवसांच्या आसपास जायला लागला. तक्ते, लाकूड, टेप, स्क्रू सगळं मिळून साडेसहाशे डॉलर गेले. सिलिंडर भरायला दर वेळी ३५ ते ४० डॉलर पडायचे, त्यामुळे हे पैसे फेब्रुवारीतच वसूल झाले. पण खरा फरक पायांना कळला. डिसेंबरात पहिल्यांदा मी स्वयंपाक करताना मोज्यांचा एकच जोड घातला होता.

यानंतर आमच्या हातून जी चूक झाली ती सविस्तर सांगते, कारण ती हमखास होते. कॅम्पग्राउंडच्या भाड्यात वीज धरलेली होती, गॅस मात्र आमच्या खिशातून. म्हणून डिसेंबरच्या शेवटी दीड हजार वॅटचे दोन विजेवरचे हीटर आणले. ट्रेलरला येणारी वीज ३० अँपिअर, १२० व्होल्ट, म्हणजे ३,६०० वॅट. त्यात दोन हीटर बसतात. आत छान २१ अंश झालं, फर्नेस गप्प झाली, आम्ही खूश होऊन झोपलो. सकाळी पंप घुरघुरतोय आणि नळाला पाणी नाही.

कारण साधं आहे. थर्मोस्टॅट बसायच्या खोलीत असतो. हीटरने ती खोली तापवली की थर्मोस्टॅटला वाटतं सगळं ठीक आहे, आणि फर्नेस सुरूच होत नाही. फर्नेस नाही, तर पोटात जाणारी गरम हवाही नाही. म्हणजे ज्या एका नळीच्या भरवशावर टाक्या आणि पाईप वाचतात, तीच आम्ही स्वतः बंद केली होती. दुपारी पाईपमधला बर्फ सुटला आणि सिंकखाली पाईपच्या वळणावरचा एक सांधा तडकलेला निघाला. डबे, पीठ, दोन महिन्यांचा किराणा, सगळं ओलं. नवऱ्याने रात्री डोक्याला टॉर्च बांधून तो सांधा बदलला. मी मिरच्यांची पाकिटं सोडून बाकी जवळजवळ सगळं टाकून दिलं.

त्याच सुमारास एका हीटरचा प्लग तपकिरी पडलेला दिसला. हाताला चटका बसेल इतका तो तापला होता. तेव्हापासून उणे १०च्या खाली पारा गेला की फर्नेस १७वर लावलेली मुख्य, आणि तेल भरलेला एक रेडिएटर सातशे वॅटवर फक्त बाथरूमच्या कोपऱ्यात. प्लगला रोज हात लावून पाहते. कोमट ठीक, गरम असेल तर काढून ठेवायचा.

वाफेचं प्रकरण मला घरात कधी कळलंच नव्हतं. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. फर्नेसचा धूर बाहेर जातो, त्यामुळे तिचं पाणी आत येत नाही, पण शेगडीचं सगळं आतच राहतं. त्यात दोन माणसांचा श्वास, भिजलेले बूट, आणि आपला कुकर. पहिल्या महिन्यात तीन शिट्ट्यांचं वरण लावलं की समोरची काच पाण्याने निथळायची, रात्री त्याचा बर्फ व्हायचा आणि सकाळी तो वितळून गादीच्या कडेला उतरायचा. नोव्हेंबरात एकदा सहज गादी उचलली, तर खालच्या प्लायवर काळे ठिपके. बुरशी.

मग शेगडी सोडून इंडक्शनवर आले. एक शिट्टी होत आली की आच कमी, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकण उघडायचं नाही. वरचा पंखा चालू, छताची खिडकी एक बोट उघडी, अगदी उणे ३०ला सुद्धा. थोडी ऊब जाते, पण भिंती कोरड्या राहतात. इंडक्शन आणि रेडिएटर एकाच ब्रेकरवर असतील तर ब्रेकर पडतो, म्हणून स्वयंपाकाच्या वेळी रेडिएटर बंद. गादीखाली जाळीचा थर घातला, त्याने हवा खेळते. आर्द्रता मोजायचं यंत्र ४०-४५ टक्क्यांच्या वर गेलं की लहान डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लावते. तो साध्या कॉम्प्रेसरचा असेल तर गार कोपऱ्यात काम करत नाही, उबदार जागीच ठेवावा लागतो. काचांवर हिवाळ्यात लावायची पारदर्शक फिल्म हेअर ड्रायरने ताणून बसवली. स्वस्त वस्तू आहे, जरूर घ्या.

दही मात्र लागेना. तीन वेळा दूध तसंच राहिलं. शेवटी पलंगाखाली जिथे विजेचा कन्व्हर्टर आहे, त्या कप्प्यात भांडं ठेवलं. तो दिवसभर कोमट असतो. दुसऱ्या दिवशी कवडीसारखं घट्ट दही. त्या सकाळी मला त्या ट्रेलरमध्ये पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं.

पाण्यासाठी तापणारी होज, म्हणजे आत विजेची तार असलेली नळी, घेतली. होजने दगा दिला नाही, दिला तो तिच्या टोकाच्या पितळी सांध्याने. तार सांध्यापर्यंत पोचत नाही, तेवढी दोन इंचांची जागा गोठते. सांध्यावर तापणारी पट्टी आणि फोम गुंडाळला. उणे २०च्या खाली तर टाकी भरून होज काढूनच ठेवायचो आणि पंपावर चालवायचो. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकी भरली की एकदम सोडायची. थेंब थेंब वाहू दिलं तर पाईपमध्ये बर्फाचा दगड तयार होतो.

डिझेलवरचा हीटर आम्ही घेतला नाही. शेजारच्या जागेवरचे आजोबा तो वापरायचे, पंपाची टिकटिक रात्रभर ऐकू यायची, आणि ते त्यावर समाधानी होते. आमची फर्नेस टाक्याही तापवते, तो तापवत नाही, एवढ्यावर विषय संपला.

एका गोष्टीत मात्र तडजोड करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि गॅसगळतीचा अलार्म दोन्ही चालू आहेत का, त्यांची मुदत संपली आहे का, हे पहिल्या दिवशी बघा. प्रोपेन हवेपेक्षा जड, ते जमिनीलगत साठतं, म्हणून गळतीचा अलार्म खाली लावलेला असतो. त्याच्यासमोर चपलांचा ढीग नको. फेब्रुवारीत वाऱ्याने बर्फाचा ढिगारा फर्नेसच्या धुराच्या तोंडापर्यंत रचला होता. मी सकाळी दार उघडून पाहिलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही. तेव्हापासून वाऱ्याच्या रात्री झोपण्याआधी एकदा बाहेर फेरी, कितीही थंडी असो.

फर्नेस गॅसवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर. मार्चमधल्या वादळात नऊ तास वीज गेली तेव्हा आमच्या दोन बॅटऱ्यांनी तग धरला. थर्मोस्टॅट १३वर आणला, दोघं एकाच रजईत बसलो आणि पंख्याचा आवाज ऐकत राहिलो. लेड-ॲसिड बॅटरी थंडीत निम्मीच उरते, त्यामुळे एक असती तर पहाट निघाली नसती. लिथियमची घेणार असाल तर ती आत ठेवायची सोय हवी, कारण शून्याखाली ती चार्ज करता येत नाही.

सात महिन्यांत सिलिंडर ५८ वेळा भरले. स्लाइडआउटचं, म्हणजे ट्रेलरच्या बाहेर सरकवता येणाऱ्या भागाचं, रबर मात्र हिवाळाभर फट देत राहिलं. तिथे आम्ही जुनं ब्लँकेट कोंबून दिवस काढले. ते रबर सप्टेंबरच्या आत बदलायचं आहे. तक्ते एप्रिलमध्ये उतरवताना प्रत्येकावर मार्करने बाजू आणि क्रमांक लिहिला : प-१, प-२, उ-१. नवऱ्याचं काम पुढच्या हिवाळ्यातही तिथेच आहे. गज आम्ही जमिनीतच ठेवून आलो आहोत.