फळांच्या प्रयोगांचा किट: दुसरीतल्या लेकीसोबत तीन रविवार करून बघितला

मुलगी दुसरीत आहे आणि सुट्टीत सारखा टीव्ही नको म्हणून हा फळांच्या प्रयोगांचा किट ऑनलाइन मागवला, ६४९ रुपयांना पडला. ६ ते ९ वयासाठी लिहिलंय. आत तांब्याच्या पट्ट्या, जस्ताच्या पट्ट्या, चिमटेवाल्या वायरी, एक एलईडी, छोटे कप, गाळणी, स्पिरिटची सीलबंद बाटली आणि एक पुस्तिका. फळं अर्थातच आपली आपण आणायची.

सगळ्यात भारी काय असेल तर प्रत्येक प्रयोगाआधी एक चौकोन दिलाय, "तुला काय वाटतं? आधी लिही." मला आधी वाटलं मुलं हे सोडून देतील, पण नाही. संत्र्याच्या प्रयोगात लेकीने ठामपणे लिहिलं की साल काढलं की संत्रं हलकं होणार म्हणजे ते तरंगणार. बादलीत सोडलं तर सालासकटचं तरंगलं आणि सोललेलं सरळ तळाला गेलं! ती पाच मिनिटं बादलीपाशी बसून होती, परत परत बुडवून बघत. मग साल दाबून बघायला लावलं, आतला पांढरा मऊ भाग, त्यात हवा अडकलेली असते, ते तिला हातालाच कळलं, मला फार बोलावंच लागलं नाही.

सफरचंदाचाही छान झाला. एक फोड तशीच, एकीला लिंबू चोळलं, एक मिठाच्या पाण्यात. अर्ध्या तासात तशीच ठेवलेली तपकिरी पडली, लिंबाची पांढरी राहिली. तर ही म्हणते, "म्हणून आजी वांगं चिरलं की पाण्यात टाकते का?" अगदी तेच कारण आहे, हवेशी संबंध आला की चिरलेला भाग काळा पडतो. या एका प्रश्नासाठी माझे पैसे वसूल झाले.

आता लिंबाच्या बॅटरीबद्दल, कारण बहुतेक जण त्याच्यासाठीच घेतील. पुस्तिकेत दोन लिंबं लावा म्हणून सांगितलंय आणि सोबत पांढरा एलईडी दिलाय. नाहीच लागला. वायरी उलटसुलट केल्या, लिंबं पोळपाटावर दाबून लाटली, तरी नाही. पोरगी रडकुंडीला आली. शेवटी मल्टिमीटर लावला तर एका लिंबाचे जेमतेम ०.९ व्होल्ट, म्हणजे दोनाचे १.८, आणि पांढऱ्या एलईडीला तीनच्या आसपास लागतात, तो लागणार कसा? दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेतून लाल एलईडी आणले, एकदम स्वस्त मिळतात. चार लिंबं एकापुढे एक जोडली आणि लाइट बंद करून बघितलं तर मंद लाल लागला. तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. पण कंपनीने हे स्वतः करून बघायला हवं होतं, लहान मुलाचा पहिलाच प्रयोग फसला की त्याला वाटतं आपलंच चुकलं, आणि ते मला खरंच लागलं.

आणखी एक, पुस्तिकेत लिहिलंय की लिंबात वीज साठवलेली असते. हे चूक आहे. जस्त आंबट रसात हळूहळू विरघळतं, त्यातून वीज मिळते, लिंबाचा रस फक्त ते घडवून आणतो. म्हणूनच बटाट्यावरही चालतं, आम्ही करून बघितलं. आणि हो, ती लिंबं नंतर सरबताला अजिबात वापरू नका, त्यात जस्त उतरलेलं असतं, ही सूचना पुस्तिकेत कुठेच नाही!

केळ्याचा डीएनए काढायचा प्रयोग मोठ्यांनी सोबत बसूनच करा. केळं कुस्करून मीठ, पाणी, भांड्यांचं लिक्विड घालून गाळायचं आणि वरून गार स्पिरिट हळूच सोडायचं, पांढरे धागे वर येतात. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे गॅसपासून लांब, आम्ही गॅलरीत केला.

आमसुलाच्या पाण्याचा प्रयोग किटमध्ये नाही पण नक्की करा. लालभडक पाण्यात खायचा सोडा टाकला की फसफसून फेस येतो आणि रंग बदलून काळपट होतो, परत लिंबू पिळत गेलं की लाली येते. लेकीने हाच चार वेळा केला.

मी पाचपैकी साडेतीन देईन. घेणार असाल तर दोन लाल एलईडी आधीच आणून ठेवा, आणि घरी मल्टिमीटर, पट्ट्या वगैरे असतील तर किट न घेता नुसता तो "आधी लिही"चा चौकोन वहीत आखून सुरू करा.