ए१५ सांगून ए१४ बसवलं: डॅटसन १२०० मध्ये इंजिन बदलणाऱ्यांनी हे वाचाच

डॅटसन १२०० ह्या जुन्या जपानी गाडीत मोठं इंजिन टाकायचा विचार करणाऱ्यांनो, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा. एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ए१५ इंजिनाचे पैसे घेतले, गाडीत बसवलं त्याहून लहान ए१४, आणि वर गाडीचं मूळ इंजिनसुद्धा परत दिलं नाही. गॅरेजचं नाव मी इथे देत नाही, तक्रार जिथे करायची तिथे केलीय. पण त्याने हे नेमकं कसं केलं ते सगळ्यांना कळायला पाहिजे, कारण हीच पद्धत दुसरा कुणीही वापरू शकतो.

ही गाडी १९७० ला आली, जपानमध्ये सनी आणि बाहेर डॅटसन १२००. वजन साधारण ७०० किलो, रिअर व्हील ड्राइव्ह, आणि आत ए१२ म्हणजे ११७१ सीसीचं इंजिन. ए१२ ला मी अजिबात नावं ठेवणार नाही, जपानमध्ये टुरिंग कारच्या रेसमध्ये ह्याच इंजिनाने भल्याभल्यांना दमवलंय. पण ते वर फिरवावं लागतं, खालच्या आरपीएमला दम कमी, आणि गाडी भरलेली असली आणि चढ लागला की गिअर उतरवण्याशिवाय पर्याय नसतो. म्हणून बरेच जण त्याच घराण्यातलं ए१४ किंवा ए१५ टाकतात. एसआर२० हे निसानचं नंतरचं, वेगळ्या घराण्यातलं इंजिन टाकणारेही आहेत, पण त्यात माऊंट (इंजिन ज्यावर टेकतं ते आधार), सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल असं सगळंच बदलत जावं लागतं. ए१४ आणि ए१५ चं सुख असं की ते ए१२ च्याच माऊंटवर बसतं आणि गिअरबॉक्सही तोच चालतो. हे लक्षात ठेवा, पुढे बिलाचं सांगणारे.

आता फसवणूक कुठे होते ते बघा. ए१२ चा ब्लॉक बुटका, ए१४ आणि ए१५ चा साधारण १५ मिलिमीटर उंच, त्यामुळे ए१२ दाखवून ए१५ म्हणून विकणं अवघड, जाणकार माणूस बघूनच सांगतो. पण ए१४ आणि ए१५ शेजारी ठेवले तर नुसतं बघून फरक सांगणं कठीण. दोन्हीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७६ मिलिमीटर. फरक फक्त स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वरून खाली किती जातो त्याचा, ए१४ चा ७७ आणि ए१५ चा ८२, म्हणजे १३९७ सीसी आणि १४८८ सीसी. त्यात ए१४ भरपूर मिळतं, दक्षिण आफ्रिकेत निसानचा १४०० पिकअप २००८ पर्यंत ह्याच इंजिनावर निघत होता. ए१५ तेवढं सहज मिळत नाही, आणि मिळालं तरी बरेचदा निसानच्या व्हॅनेट व्हॅनसारख्या गाडीत राबून पार पिळून निघालेलं. त्यामुळे भाव वेगळा, आणि लबाडी करायला कारणही तिथेच तयार होतं.

मला त्याने इंजिन दाखवलं तेव्हा ब्लॉकला ताजा रंग होता, नंबरच्या आधी ए१५ ठोकलेलं होतं आणि जपानमधून आलंय, फार चाललेलं नाही असं सांगितलं. मी स्ट्रोक मोजून दाखव म्हणालो तर त्याने प्लगच्या भोकातून तार घातली, क्रँक फिरवला आणि ८२ ची खूण दाखवली. ही मोजणीच खोटी आहे. ह्या इंजिनात प्लग हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, तिरका बसतो, तार तिरकी जाते, पिस्टनवर सरकते, वाकते, आणि हात थोडा कलता केला की पाच मिलिमीटर इकडचे तिकडे सहज होतात. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, पण त्याने माझ्यासमोर काढून दाखवलं, चारही सिलिंडर छान आले. नंतर दुसऱ्या मेकॅनिकने सांगितलं की टेस्टच्या आधी सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं की पिस्टनच्या रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजतात आणि मरायला टेकलेलं इंजिनही चांगला आकडा दाखवतं. कोरडी टेस्ट केली तर तिसरा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली होता.

गाडी हातात आली, चालत होती, ए१२ पेक्षा जोरही जास्त होता, त्यामुळे लगेच शंका यावी असं काहीच नव्हतं. पण पाणी कमी व्हायला लागलं, धूर पांढरा यायला लागला, आणि तो फोन उचलेना. मग एका जुन्या, फक्त डॅटसनच करणाऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने हेड उतरवलं, पिस्टन खाली नेला, डेप्थ व्हर्निअर, म्हणजे खोली मोजायचं माप, लावला आणि मला वाचायला सांगितलं, मग पिस्टन वर आणून परत वाचायला सांगितलं. वजाबाकी ७७. आत एक पिस्टन बाकी तिघांपेक्षा वेगळ्या कंपनीचा, हेडची फेस वाकलेली, आणि ऑइल इतकं जाड भरलेलं की बेअरिंगचा आवाज दबून राहावा.

नंबरची जागा त्याने टॉर्च मारून दाखवली. कारखान्यातून आलेल्या ब्लॉकवर त्या सपाट जागेवर मशिनच्या बारीक सरळ रेघा असतात. माझ्या ब्लॉकवर ग्राइंडरच्या गोल रेघा होत्या आणि ए१५ मधला ५ बाकीच्या आकड्यांपेक्षा खोल आणि किंचित तिरका. सगळ्यात जास्त संताप मला ह्याचा येतो. ९१ सीसी कमी मिळाले, पैसे जास्त गेले, ते एक वेळ गिळता येतं, पण खोडलेल्या नंबरचं इंजिन कागदावर चढवायचं कसं? इंजिन बदलल्याची नोंद करायला गेलं की तपासणारा पहिलं तेच बघतो, आणि घासलेला नंबर म्हणजे चोरीचा माल हा संशय गाडीच्या मालकावर येतो, गॅरेजवर नाही.

बिलात नवीन माऊंट बनवण्याचे आणि इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या अडॅप्टर प्लेटचे पैसे वेगळे लावलेले. गाडी वर उचलली तर माऊंट जुनेच, एक वेल्डिंग नाही, आणि प्लेट नावाची वस्तूच नाही, कारण ह्या इंजिन बदलात ती लागतच नाही. एक्झॉस्टचा पुढचा पाइप तेवढा बदललेला, ब्लॉक उंच असल्याने ते खरोखर करावं लागतं. रेडिएटर मात्र मूळचाच, आतून अर्धा चोंदलेला, आणि त्याला नवीन कोअर (आतली जाळी) टाकलाय म्हणून बिलात ओळ आहे.

आणि माझं ए१२. ते गाडीसोबत जन्मलेलं, कागदावरच्या नंबरचं इंजिन, हिताची कार्ब्युरेटरसकट. विचारलं तर म्हणे भंगारात गेलं, तुम्हीच नको म्हणालात. मी असं कधीच म्हणालो नाही. क्लासिक गाडीचं मूळ इंजिन कुणी भंगारात टाकत नाही, त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं हे त्यालाही माहीत आहे. त्यामुळे गाडी आत सोडण्याआधी काढलेलं इंजिन, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड सगळं परत मिळेल असं नंबरासकट लिहून सही घ्या, आणि नंबरचा फोटो स्वतः काढा.

ए१५ घेताना हेड उतरवून व्हर्निअर लावू देत असेल तरच पैसे काढा, गॅस्केटचा खर्च तुम्ही द्या हवं तर. नाही म्हणाला तर त्याचं उत्तर तिथेच मिळालं. कॉम्प्रेशन काढताना चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि सिलिंडर कोरडे आहेत का ते प्लगच्या टोकावर बघा, ओलं तेल दिसलं तर टेस्ट परत. इंजिन स्टँडवर चालू करून दाखवत असेल तर आधी ब्लॉकला हात लावा, गरम लागला तर थंड होईपर्यंत थांबा, कारण घिसलेल्या इंजिनाचा खडखडाट आणि निळा धूर पहिल्या थंड स्टार्टलाच बाहेर पडतो.

सध्या हेड घासून, रिंग टाकून ए१४ तात्पुरतं उभं केलंय, पण नोंद होत नाही तोवर गाडी रस्त्यावर काढत नाही. तक्रारीला व्हर्निअरचे फोटो, नंबरच्या जागेचे फोटो आणि बिल जोडलंय, त्या जुन्या मेकॅनिकनेही लिहून दिलंय. कुणाला सुटं ए१२ विकायला आलं तर कुठल्या गाडीतून निघालं त्याचे कागद मागा आणि नंबर जुळवून बघा, माझ्यासारख्याच कुणाचं तरी ते असू शकतं.