भाषण की नमुना यंत्र?

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मतदार जागृती दोन तऱ्हांनी होते. एक, सभागृहातलं भाषण. साहेब तासभर लोकशाही सांगतात, मागच्या रांगेत डुलक्या आणि शेवटी चहा-भजी. दुसरी, देवळाच्या मंडपात टेबलावर मांडलेलं नमुना मतदान यंत्र.

मला विचाराल तर यंत्रच. गोव्यात २०१७ च्या विधानसभेला चाळीसही मतदारसंघांत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, आलं, तरी आमची काकी परवापर्यंत म्हणायची, "बटण दाबलं, पण मत गेलं कुठं?" मंडपात तिनं स्वतः बटण दाबलं. लाल दिवा लागला, काचेमागं चिठ्ठी दिसली, सात सेकंदांनी खाली पडली, बीप वाजला. "परत एकदा दाबू?" मागं रांग खोळंबलेली!

भाषण अगदीच टाकाऊ नाही. नाव नोंदवायला सहा नंबरचा फॉर्म, पत्ता बदलायला आठ नंबरचा, हे यंत्र थोडंच सांगणार? शिवाय २०२२ च्या पंचायतीला मतपत्रिका होत्या. तिथं शिक्का कुठं मारायचा, घडी कशी घालायची, हे कोणीतरी सांगायलाच हवं. पण तासभर नको. दहा मिनिटं बोला आणि यंत्रावरचं कापड काढा.