आरजीडी कोटिंगच्या प्लेट्स: पावसाळाभर वापरल्यानंतर

कंपनीने प्लेट्स बदलून द्यायला साफ नकार दिला, म्हणून हे लिहायला घेतलं. रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये आरजीडी पेप्टाइडचं (तीन ठरावीक अमिनो आम्लांचा क्रम असलेल्या छोट्या साखळीचं) कोटिंग असलेल्या, पेशी वाढवायच्या प्लेट्स उन्हाळ्याच्या शेवटी आल्या. त्यांच्यावर पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेकडून आणलेल्या 3टी3 (उंदराच्या) पेशी वाढवल्या.

सुरुवातीला माझं मत वाईट होतं. साध्या प्लेटवर पेशी जेवढ्या चिकटतात तेवढ्याच इथेही, किंमत मात्र कितीतरी जास्त. मग एका विद्यार्थिनीने मीडियममधलं, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवातलं, 10 टक्के सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) वगळून पाहिलं आणि माझं मत पार बदललं. साध्या प्लेटवर पेशी गोलच राहिल्या आणि पीबीएसने (क्षारांच्या सौम्य द्रावणाने) धुताच निघून गेल्या. कोटिंगवर मात्र त्या खडकाला कालवं धरावीत तशा घट्ट बसल्या आणि छान पसरल्या. सीरममधली फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिनं साध्या प्लास्टिकवर आपसूक बसतात, आणि पेशीवरचं इंटिग्रिन हे पकड घेणारं प्रथिन ज्याला धरतं तो आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा तुकडा, म्हणजेच आरजीडी, या दोन्हींत असतोच. पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी 1984 मध्ये फायब्रोनेक्टिनमधला हाच तुकडा दाखवला होता. तेव्हा भरपूर सीरम घालून काम करणाऱ्यांनी या प्लेट्स घेऊ नयेत, पैसे पाण्यात जातील.

खात्रीसाठी आरजीई प्लेटही मागवली. अ‍ॅस्पार्टिकच्या जागी ग्लुटामिक, म्हणजे विद्युतभार तोच, फरक एका कार्बनचा. तिच्यावर पेशी धड टिकल्या नाहीत. म्हणजे पेशी नुसत्या विद्युतभाराने चिकटत नव्हत्या, इंटिग्रिनची पकड खरी होती. हे पाहून फार आनंद झाला.

एक तक्रार आहे. कोटिंगची घनता खोक्यावर कुठेच दिलेली नाही. मासिया आणि हबेल यांनी 1991 मध्ये दाखवलं की पेप्टाइड्स साधारण 440 नॅनोमीटर अंतरावर असली तरी पेशी पसरते, पण पक्के फोकल काँटॅक्ट (पेशीच्या घट्ट पकडीच्या जागा) तयार व्हायला अंतर 140 च्या आसपास लागतं. एवढा महत्त्वाचा आकडा, तो छापायला काय हरकत आहे?

काटकसर म्हणून वापरलेली प्लेट धुऊन पुन्हा घेण्याचा विचार कोणी करत असेल तर पेशी सोडवायला ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम लावू नका. ट्रिप्सिन साखळी तोडतं ते आर्जिनिन आणि लायसिनच्या पुढे, आणि आरजीडीत पहिलं आर्जिनिनच आहे, म्हणजे कोटिंगच तुटायचं. इंटिग्रिनला पकडीसाठी मॅग्नेशियम-कॅल्शियम लागतं, म्हणून ते ओढून घेणाऱ्या नुसत्या ईडीटीएनेही पेशी सुटतात. पण तशी सोडवलेली प्लेटही मी महत्त्वाच्या प्रयोगाला घेणार नाही.

आता पाकीट. पाच प्लेट्स एकाच फॉइलच्या पाकिटात, आणि ते एकदा फाडलं की पुन्हा बंद होत नाही! फायब्रोनेक्टिनसारखं फ्रिजवर अवलंबून राहावं लागत नाही, साध्या तापमानाला टिकतं, हा या प्लेट्सचा आमच्यासाठी सगळ्यात मोठा गुण. जुलैत वीज तासन्‌तास जाते, त्यामुळे त्याची किंमत आम्हाला कळते. पण तो गुण या पाकिटाने घालवला. पहिली प्लेट उत्तम, काही आठवड्यांनी काढलेल्या शेवटच्या प्लेटवर पेशी ठिगळाठिगळांनी चिकटलेल्या. त्याच लॉटचं दुसरं पाकीट फोडलं आणि लगेच डेसिकेटरमध्ये (हवाबंद कोरड्या भांड्यात) ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिकाबरोबर ठेवलं, त्यातली शेवटची प्लेट पहिलीइतकीच चांगली निघाली. सिलिका मात्र सारखी गुलाबी व्हायची, ओव्हनमध्ये तापवून परत निळी करावी लागायची.

हे सगळं फोटोंसकट कळवलं. उत्तर आलं, ‘कोरड्या जागी ठेवा’ असं पाकिटावर लिहिलेलं आहे. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात आषाढात कोरडी जागा कुठून आणायची? झिपचं पाकीट आणि सिलिकाची एक पुडी, एवढंच मागितलं होतं.

कोटिंग चांगलं आहे, सीरमशिवाय काम असेल तर जरूर घ्या. आमची पुढची ऑर्डर दिवाळीनंतर, आणि तीही प्रत्येक प्लेटला वेगळं पाकीट मिळणार असेल तरच.